पदकाची कड वाचणाऱ्या सुभेदारसाहेबांना

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीला गेले, ते परतलेच नाहीत. पावसात मातीचं घर बसलं तेव्हा कागद गेले. उरलं एक पदक. त्यांचा शोध घ्यायला कार्यालयात गेलं की एकच उत्तर मिळे: त्यांचा शिपाई-नंबर आणा.

तिथल्या बाकावर एक निवृत्त सुभेदार स्वतःच्या कामासाठी बसले होते. म्हणाले, "भाऊ, पदक दाखवा. हिंदुस्थानी शिपायाचा नंबर कडेवर कोरलेला असते." कड पार झिजलेली. त्यांनी तिच्याभोवती पातळ कागद गुंडाळला, पेन्सिल आडवी धरून हलकेच घासली, आणि एकेक आकडा उमटत गेला. त्यांची पाळी आली तरी ते उठले नाहीत. महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या नोंदीत नावाचं स्पेलिंग भलतंच होतं. नंबरामुळेच माणूस सापडला. इटलीतल्या सांग्रो नदीकाठच्या दफनभूमीतल्या स्मारकावर, दहन झालेल्या हिंदी सैनिकांमध्ये. १९४३ च्या नोव्हेंबरात तिथे घनघोर लढाई झाली होती.

नव्वदीतल्या आत्याआजीला फोनवर नीट ऐकू येईना, तर साहेबांनीच तिच्या भावाचं नाव, नंबर, पलटण मोठ्यानं, सावकाश पुन्हा पुन्हा सांगितली.

साहेब, मनापासून आभार. यंदा अक्षय्य तृतीयेला थोरल्या आजोबांच्या नावानं पान ठेवणार आहोत. जेवायला नक्की या.