सुध्यास पत्र, गालिच्याच्या चौकशीबद्दल

कुवेत,
शुक्रवार दुपार

प्रिय सुध्या,

तुझा फोन आला तेव्हा ऑफिसात साहेब समोर बसले होते, म्हणून ‘बघतो, आणतो’ म्हणून कट केला. रागावू नकोस. नव्या घराच्या हॉलसाठी तुला ‘तिकडचा बेदुईन गालिचा’, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांचा, हवाय, हे लक्षात आहे. पण हे फोनवर उरकण्यासारखं प्रकरण नाही, आणि त्यात माझी थोडी फजितीही आहे. म्हणून पत्रच लिहायला बसलो.

आधी फजिती. गेल्या महिन्यात इथल्या बाजारातल्या एका दुकानातून तुझ्यासाठी लाल-काळ्या पट्ट्यांचा एक तुकडा घेतला. दुकानदार म्हणाला, हाताचं काम आहे, वाळवंटातल्या बाईनं विणलंय. पंचवीस दिनारांवरून अठरावर आणला आणि स्वतःवर खूश होत घरी आलो. बायकोनं तो आधी उलटा करून पाहिला (साडी घेतानाही ती आधी मागची बाजूच बघते). मग कडेचा एक धागा ओढून त्याला काडी लावली. धागा वितळला आणि त्याची काळी टणक गोळी झाली. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास सुटतो आणि राख बोटांत चुरते, हे तुला कुणी सांगायला नको. तू घोंगड्या विणणाऱ्या सणगराच्या घरचा. मला मात्र अठरा दिनार मोजून कळलं.

मग पुढच्या सुट्टीला बैत अल-सदूत गेलो. समुद्राकाठी, राष्ट्रीय संग्रहालयाजवळ एक जुना वाडा आहे, तिथे बऱ्याच वर्षांपासून हे विणकाम जपायचं काम चाललंय. ‘सदू’ म्हणजेच बेदुईन बायकांची ही विणाई. बायकांचीच, बरं का. कातणं, रंगवणं, विणणं, तंबू शिवणं सगळं त्यांच्याकडे.

पहिली गोष्ट, ‘गालिचा’ म्हणणं सोड. गालिच्याला गाठी मारून लव काढलेली असते, याला लव नाही. आपल्या सतरंजीच्या जवळचं म्हणता येईल, पण गंमत अशी की सतरंजीच्या बरोब्बर उलट. सतरंजीत बाणा, म्हणजे रुंदीचे धागे, ठोकून ठोकून इतका दाबतात की ताणा, म्हणजे लांबीचे धागे, पार झाकून जातो, रंग दिसतात ते बाण्याचे. सदूत ताणाच एवढा दाट लावतात की बाणा दिसतच नाही. म्हणजे पट्टे कुठे, कोणत्या रंगाचे, किती रुंद, हे सगळं ताणा लावतानाच ठरून जातं. विणायला बसल्यावर ‘इथे जरा लाल हवा होता’ म्हणायची सोय नाही.

आणि माग कसला? चार खुंट्या जमिनीत ठोकलेल्या, दोन टोकांना दोन दांडे, मध्ये ताणा जमिनीलगत आडवा ताणलेला. झालं! तुझ्या आजोबांच्या मागाला निदान खड्डा होता, पाय सोडून बसता यायचं. इथे बाई मांडी घालून बसते आणि कापड वाढत जाईल तशी विणलेल्या भागावरच पुढे सरकते. वहीचा, म्हणजे ताण्याचे एकाआड एक धागे उचलणाऱ्या दोऱ्यांचा, दांडा दोन बाजूंना दगडांवर नाहीतर डब्यांवर टेकवलेला. तंबू हलवायची वेळ आली की खुंट्या उपटायच्या, अर्धवट कापडासकट सगळा माग गुंडाळायचा, उंटावर टाकायचा आणि पुढच्या मुक्कामाला पुन्हा ठोकायचा. खड्ड्याचा माग कोण कुठे नेणार!

तिथे एक वयस्क बाई विणत होत्या. सगळे त्यांना ‘खाला’ म्हणत होते, म्हणजे मावशी, म्हणून मीही म्हणालो. मी अर्धा तास त्यांच्या हातांकडेच बघत होतो. ताण्याचा धागा दुपदरी आणि करकचून पिळलेला, तरी लोकर ती लोकरच, शेजारच्या धाग्याला चिकटते. त्यामुळे आपल्या मागासारखी पायानं पायडी दाबली आणि बाण्याला वाट उघडली असं होत नाही. खाला प्रत्येक ओळीला तळहातानं धागे खाली दाबायच्या, बोटं फिरवून चिकटलेले धागे सोडवायच्या. मग लाकडी तलवारीसारखी पट्टी आत घालून उभी करायची, बाणा सरकवायचा, पट्टीनं ठोकायचा. शेवटी हरणाचं शिंग. खरंच हरणाचं शिंग, वाकडं, टोकदार, वापरून वापरून चकचकीत झालेलं. त्याच्या टोकानं थोडे थोडे धागे उचलत बाणा अंगाशी ओढून बसवायचा. खट्, खट्, खट्, डावीकडून उजवीकडे. एवढं झालं की एक ओळ. मी बोटभर कापड होईपर्यंत थांबणार होतो, थांबू शकलो नाही.

नक्षीचा पट्टा बहुतेक मधोमध असतो. त्याला ‘शजरा’ म्हणतात, म्हणजे झाड. तिथे ताण्यात काळा आणि पांढरा अशी धाग्यांची जोडी असते. दर ओळीला प्रत्येक जोडीतला कोणता वर घ्यायचा ते खाला बोटानं निवडत होत्या. समोर कागद नाही, मोजणं नाही. जो धागा निवडला नाही तो मागच्या बाजूला मोकळा पडून राहतो. म्हणून अस्सल माल ओळखायचा तर उलटा करायचा. शजऱ्याच्या मागे असे लोंबते धागे दिसले पाहिजेत. बायकोचं तंत्र बरोबरच होतं, फक्त तिला दुकानात न्यायला हवं होतं.

कडेच्या पट्ट्यांची नक्षी सोपी असते. दाण्यांसारख्या ठिपक्यांना ‘हबूब’ म्हणतात, तर एका नक्षीचं नाव ‘दुरूस अल-खैल’, म्हणजे घोड्याचे दात. मला हे नाव फार आवडलं. काळा-पांढरा दात एकाआड एक, अगदी घोडा हसल्यासारखे.

टकळीही पाहिली. शाळेत सूतकताईच्या तासाला आपण जिच्यावर गुंता करायचो तीच, फक्त मोठी आणि लाकडी. पूर्वी बायका शेरडं वळता वळता, चालता चालता कातायच्या. रंगाला मंजिष्ठ, नीळ, मेंदी, डाळिंबाची साल आणि हळदसुद्धा. आता बहुतेक पुड्यांतला रंग, तो झगझगीत असतो. माझं मत विचारशील तर न रंगवलेली लोकरच सुरेख दिसते.

आणि तंबू! ‘बैत अल-शअर’, म्हणजे केसांचं घर. काळ्या शेळीच्या केसांच्या लांबलचक पट्ट्या विणून त्या एकमेकींना शिवतात. पाऊस पडला की केस फुगतात, विणीतली भोकं बुजतात आणि पाणी आत येत नाही. आत पुरुषांची बाजू आणि बायकांची बाजू यांच्यामध्ये नक्षीचा पडदा असतो. त्याची सुलट बाजू पाहुण्यांकडे, उलट बाजू जिनं विणला तिच्याकडे.

आता तंबूत कोण राहतं? तेल निघालं, पक्की घरं झाली, मुली शाळेत गेल्या, लोकर कातायला वेळ कुणाला. अमिरातीतल्या सदूचं नाव युनेस्कोनं २०११ मध्ये तातडीनं जपायच्या यादीत घातलं, २०२० मध्ये सौदी आणि कुवेतच्या सदूला वारशाच्या यादीत घेतलं. याद्यांनी लोकर कातून होत नाही, पण इथे वर्ग चालतात आणि मुली येतात, हे मी पाहिलं.

निघताना खालांना मोबाइलवर तुझ्या आजोबांच्या घोंगडीचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून काठ पाहिला आणि विचारलं, काळा रंग कशाचा? म्हटलं, रंग नाही, मेंढीच तशी. ‘आमचीही,’ म्हणाल्या. घोंगडीला लावतात ती चिंचोक्याची खळ मात्र मला अरबीत सांगता आली नाही. हातवारे केले, त्यांना बहुधा वाटलं की आम्ही घोंगडी खातो.

तर आता तुझ्या कामाचं. एक पट्टी रुंदीला साधारण दोन-अडीच फूटच निघते, कारण बसल्या जागेवरून हात तेवढाच पोचतो. हॉलभर हवं तर दोन-तीन पट्ट्या जोडाव्या लागतील. जोडही हातशिलाईचा, तो दिसतो. दिसू दे. किंमत त्या तुकड्याच्या बरीच वर जाईल, घासाघीस करणार नाही, आधीच सांगतो. सोफ्याखाली दडपणार असशील तर आणतच नाही, भिंतीला किंवा दिवाणावर टाक. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवायचं तुझी आईच सांगेल. गणपतीला येतोय. तोवर टेप लावून लांबी-रुंदी मोज आणि कळव, अंदाजपंचे नको.

आई-बाबांना नमस्कार. वहिनींना सांग, रंग त्यांनी निवडायचा.

तुझाच,
बाळ्या

ता. क. अठरा दिनारांचा तो तुकडा गाडीच्या डिकीत पसरलाय. टिकाऊ आहे लेकाचा, परवा त्यावर तेलाचा डबा सांडला, पुसून पुन्हा नवा.