पहिलटकरणीची हकीकत

आइंडहोवन, नेदरलँड्स,
मार्च महिना

तीर्थरूप आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर तुम्हाला नात बघायची असते, आणि मलाही ती दाखवायची असते. त्यात बाकीचं बोलणं राहून जातं. आई विचारते, "फार त्रास झाला का गं?" मी म्हणते, "नाही गं." तेवढ्यात बाबा खुर्चीवरून उठून आत जातात. म्हणून आज सगळं लिहून काढते. बाबा, हे पत्र तुम्हालाही आहे. बायकांचं म्हणून आईच्या हातात देऊन ओसरीवर जाऊन बसू नका. चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा.

आई, पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही याची टोचणी तुझ्या मनाला आहे, ती मला फोनवर ऐकू येते. बाबांची बायपास होऊन अजून वर्ष झालेलं नाही. त्यांना एकटं सोडून तू आली असतीस तर मलाच चैन पडलं नसतं. पण नुसतं "काळजी करू नकोस" म्हटल्यानं तुझी काळजी जायची नाही, हे मला ठाऊक आहे. काय घडलं ते नीट कळलं तर कदाचित जाईल.

इथं नऊ महिने डॉक्टर तपासत नाही, सुईण तपासते, हे तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुझा चेहरा उतरला होता. "एवढ्या पुढारलेल्या देशात डॉक्टर नाहीत का?" डॉक्टर आहेत. पण सगळं सुरळीत असेल तर बाळंतपण हा आजार नाही, असं इथले लोक मानतात. सुईणी चार वर्षं शिकतात. जुळं असेल, बाळ पायाळू असेल, रक्तदाब वाढला, तर त्या स्वतःच दवाखान्यात पाठवतात. एके काळी नेदरलँड्समध्ये जवळजवळ दर तिसरं मूल घरीच जन्मायचं. आता ते प्रमाण बरंच कमी झालंय, तरी घरी बाळंत होणाऱ्या बायका आजही आहेत. आजीची सगळी बाळंतपणं सुईणीनंच केली होती ना? तिची फार आठवण आली मला त्या दिवसांत.

मलाही घरीच व्हायला हवं होतं. त्यासाठी पलंगाखाली ठोकळे लावून तो कमरेएवढा उंच केला होता, म्हणजे तपासणाऱ्या बाईला वाकावं लागत नाही. कापूस, चादरी, नाळेचा चिमटा असं सगळं एका खोक्यात विम्याकडून आधीच घरपोच आलं होतं.

कळा संध्याकाळी सुरू झाल्या. मला आधी वाटलं, कंबर भरून आलीय. सुईणीनं नियम सांगून ठेवला होता: पहिलटकरणीनं कळा चार-पाच मिनिटांवर आल्या, एकेक कळ मिनिटभर टिकायला लागली आणि असं तासभर चाललं की फोन करायचा. पाणी गेलं आणि ते हिरवट किंवा तपकिरी असलं, तर मात्र लगेच. तुमचे जावई वहीत वेळा लिहीत बसले होते. मी या खोलीतून त्या खोलीत फिरत होते, भिंतीला हात टेकून उभी राहत होते. कळ कमरेतून उठायची, दोन्ही बाजूंनी पुढं यायची आणि ओटीपोटात आवळून बसायची. आणि मग जायची. पूर्ण जायची, आई! मधल्या मिनिटांत मी पाणी पीत होते, बोलत होते, एकदा तर बसल्या बसल्या डुलकीही लागली. कळांबद्दल मला सगळ्यांनी सांगितलं होतं, या मधल्या मोकळ्या मिनिटांबद्दल कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या मते पहिलटकरणीला सगळ्यात आधी हेच सांगायला हवं.

सुईण रात्री आली. तिनं आधी विचारलं, "तपासू का?" मग चालू असलेली कळ ओसरेपर्यंत थांबली आणि मगच हात लावला. गर्भपिशवीचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलं होतं. मी रडकुंडीला आले, एवढ्या वेळात फक्त तीन? ती माझ्याशेजारी बसली आणि शांतपणे समजावून सांगितलं. तासाला एक सेंटिमीटर हा जुना हिशेब सगळ्यांना लागू पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१८ साली तेच सांगितलंय, की पहिल्या पाच सेंटिमीटरना वेळेचं बंधन घालता येत नाही, विशेषतः पहिल्या खेपेला. त्या बोलण्यानं माझी निम्मी भीती गेली. कळ तेवढीच होती, पण आपलं काहीतरी बिघडलंय ही धास्ती गेली.

पहाटेच्या सुमारास पाच सेंटिमीटर झाले आणि पाणी गेलं. ते हिरवं होतं. बाळानं पोटातच शी केली होती. अशा वेळी बाळाचे ठोके सतत बघावे लागतात, म्हणून घरचं बाळंतपण तिथंच संपलं आणि आम्ही गाडीतून दवाखान्यात निघालो. बाबा, तुम्ही त्या सकाळी फोन केला होता आणि तो कुणी उचलला नव्हता, तो हाच वेळ. मी मागच्या सीटवर गुडघे टेकून होते. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण सुईण आमच्या मागोमाग आली. माझी सगळी माहिती दवाखान्यातल्या लोकांना तिनं स्वतः दिली, आणि मगच निरोप घेतला.

तिथं पोटावर पट्टे बांधले आणि बाळाचे ठोके खोलीभर ऐकू यायला लागले. कळा आता एकमेकींच्या पाठीवर येत होत्या. ती मोकळी मिनिटं संपली होती. मला उलटी झाली, पाय थरथरायला लागले, आणि मी म्हटलं, मला पाठीतलं इंजेक्शन हवंय. आई, हे तुला मुद्दाम सांगते. कुणीही तोंड वाकडं केलं नाही. भूलतज्ज्ञ आले, मला पाठीला बाक काढून बसवलं, कळेत हलू नको म्हणाले. नर्सनं माझे दोन्ही खांदे धरून ठेवले. पंधरा-वीस मिनिटांत दुखणं उतरलं आणि मी झोपले. "बायकांना सोसावंच लागतं" हे तू आम्हाला नेहमी सांगत आलीस, कारण तुलाही तेच सांगितलं गेलं होतं. तू किती सोसलंस हे मला आता थोडंसं कळतं, आणि कळतं म्हणूनच सांगते, ते सगळंच सोसायची गरज नव्हती. दुखणं कमी झाल्यानं माझं आईपण कमी झालं नाही. उलट शेवटच्या टप्प्यासाठी अंगात ताकद उरली.

दहा सेंटिमीटर झाल्यावर जोर लावायला सांगितलं. तासाहून जास्त वेळ लागला. कुंथायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा कुंथायचं. आरसा धरून त्यांनी डोकं दाखवलं. काळेभोर केस दिसले आणि लगेच पुन्हा आत गेले. मग ठोके मंद व्हायला लागले. डॉक्टर माझ्याजवळ आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाळाला लवकर बाहेर काढायला हवं. छोटा छेद द्यावा लागेल. देऊ का?" एवढ्या घाईतही त्यांनी विचारलं, आई. मी हो म्हटलं. पुढच्या कळेत डोकं आलं, मग खांदे, आणि मग सगळं बाळ एकदमच सुळकन बाहेर आलं.

हिरव्या पाण्यामुळे बालरोगतज्ज्ञ शेजारीच उभे होते, पण त्यांना काही करावंच लागलं नाही. ती मोठ्यानं रडली. ओली, गरम, पांढऱ्या चिकट थरानं माखलेली अशीच माझ्या छातीवर ठेवली. मुलगी झाली हे मला तुमच्या जावयांनी सांगितलं, आणि ते माझ्यापेक्षा जास्त रडत होते. नाळ लगेच कापली नाही, त्यातलं रक्त बाळाकडे जाऊ दिलं. मग कात्री त्यांच्या हातात दिली. मांडीत एक इंजेक्शन दिलं, रक्तस्राव जास्त होऊ नये म्हणून, आणि थोड्या वेळानं वार पडली. ती पूर्ण आलीय का ते तपासून झाल्यावर मलाही दाखवली. टाके घातले, तेही बधिर करून. तेवढ्या वेळात ती माझ्या अंगावरच होती आणि आपलीआपण दूध शोधत होती. पहिला चीक तिला मिळाला. आई, याबद्दल तू फोनवर दोनदा विचारलंस. मिळाला, भरपूर मिळाला.

नंतर मला खायला कुरकुरीत टोस्ट दिला. त्यावर लोणी आणि वर साखरेचा मुलामा दिलेली बडीशेप, गुलाबी आणि पांढरी. इथं बाळ झालं की हाच खाऊ. मुलगा झाला की निळी. बाळंतिणीला बडीशेप चांगली, हे यांनाही माहीत आहे.

बाळावर लक्ष ठेवायचं म्हणून एक रात्र तिथं राहिलो आणि सकाळी घरी आलो. त्यानंतर जे झालं ते ऐकून तुझ्या मनाला खरंच बरं वाटेल. इथं प्रत्येक बाळंतिणीच्या घरी आठवडाभर रोज काही तास एक प्रशिक्षित बाई येते. बहुतेक खर्च विमा देतो, ताशी थोडे पैसे आपण भरायचे. आमच्याकडे आलेल्या बाई पन्नाशीच्या असतील. आल्या की आधी माझा ताप बघायच्या, पोटावर हात ठेवून पिशवी किती आकसली ते बघायच्या, टाके बघायच्या. बाळाला वजनकाट्यावर ठेवायच्या. सुरुवातीला वजन उतरलं तेव्हा मी घाबरले, तर म्हणाल्या, "सगळ्यांचंच उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं." आणि तसंच झालं. बाळाचा पाळणा थंड पडू नये म्हणून धातूच्या बाटलीत कढत पाणी भरून, तिला लोकरीची खोळ घालून बाळापासून वीतभर अंतरावर ठेवायच्या. संडास-बाथरूम धुवायच्या, मला गरम जेवण द्यायच्या. दूध उतरलं त्या दिवशी मला कारण नसताना हुंदके फुटले. तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, बाळ घेतलं आणि मला म्हणाल्या, रड. तुझी जागा त्यांनी घेतली असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या लेकीचं बाळंतपण एका मायेच्या बाईनं केलं, हे मात्र नक्की.

तू पाठवलेले डिंकाचे लाडू पोचले आणि जवळजवळ संपलेही. अळिवाची खीर जावयांना जमायला लागलीय. तुझ्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यांतच ती सगळ्यात शांत झोपते. बाळंतशेपा जेवणानंतर खाते. मालीश करते. गुटी मात्र दिली नाही, आई, आणि देणारही नाही. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, आणि मध तर वर्षभर अजिबात नको. त्यातून तान्ह्या बाळांना गंभीर विषबाधा होऊ शकते. काजळही घालत नाही. तुला वाईट वाटेल, पण तुझ्यापासून लपवून काही करायचं नाही असं मी ठरवलंय.

बाबा, तुमच्या आवडीचं सांगते. तुम्ही ग्रामसेवक म्हणून आयुष्यभर जन्ममृत्यूच्या नोंदी केल्यात. आपल्याकडे त्याला २१ दिवस असतात, इथं फक्त तीन. जावई पालिकेत गेले आणि नोंद करून लगेच दाखला घेऊन आले. पण इथं जन्मली म्हणून ती इथली नागरिक होत नाही. वर्षाच्या आत हेगच्या भारतीय वकिलातीत तिची नोंद करायची आहे, त्याचे कागद जमवतेय. आणखी एक. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन वीसहून जास्त आजारांची तपासणी होते. आजारांची यादी वाढत गेली, पण टाचेच्या रक्ताची तपासणी १९७४ पासून देशातल्या प्रत्येक बाळासाठी आहे. तिची तपासणी झाली, सगळं व्यवस्थित आहे. पाळण्यातलं नाव तुम्ही सुचवाल तेच ठेवायचं आहे, तेव्हा यादी लवकर पाठवा.

आता माझं एक मागणं आहे. आई, माझ्या जन्माबद्दल मला फक्त दोन गोष्टी ठाऊक आहेत: पाऊस होता, आणि कळा देताना ओरडलीस म्हणून सिस्टर तुला रागावली. बास. तुला आत एकटीला नेलं, आजीला दारातच थांबवलं, हे मावशीकडून कळलं. आपली ताई सरकारी दवाखान्यात आहे, ती सांगते की सरकारच्या २०१७ पासूनच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात बाळंत होणाऱ्या बाईजवळ तिच्या माणसानं थांबावं असं सांगितलंय. ऐकून बरं वाटलं, आणि रागही आला, की तुझ्या वेळी हे का नव्हतं. माझा हात धरायला माणूस होता, मला विचारून प्रत्येक गोष्ट झाली. तुझं काय झालं ते मला माहीतच नाही, आणि मी तर तुझ्याच पोटची.

तेव्हा आता तू सांग. कळा कधी सुरू झाल्या, दवाखान्यात कशी गेलीस, कोण काय बोललं, किती दुखलं, मला पहिल्यांदा कुणी हातात दिलं. वाईट असेल तेही सांग, गाळू नकोस. तुझा हात दुखतो, म्हणून बाबा लिहून घेतील. आणि बाबा, त्यात तुमच्याही चार ओळी लिहा. तुम्ही बाहेर पावसात किती वेळ होतात, आणि मुलगी झाली हे तुम्हाला कुणी येऊन सांगितलं?

ती उठली. दूध पाजायला जाते.

तुमची,
लेक