हायरम जॉन्सन आणि १९१३ ची सही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला कॅलिफोर्नियाचे एकेकाळचे गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्यावरचा कौतुकाचा लेख वाचून मन फार अस्वस्थ झाले. सदर्न पॅसिफिक रेल्वेची कॅलिफोर्नियाच्या राजकारणावरची पकड त्यांनी मोडली, १९११ मध्ये मतदारांना कायदा मांडण्याचा आणि निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा अधिकार मिळाला, हे खरेच आहे. त्याचा मान मी राखते. पण मे १९१३ चे काय? ज्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळू शकत नाही त्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही, या कायद्यावर सही गव्हर्नर जॉन्सन यांचीच. अध्यक्ष विल्सन यांनी परराष्ट्रमंत्री ब्रायन यांना थेट कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला धाडले, तरी जॉन्सन बधले नाहीत. रोख जपान्यांवर होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात भारतीयांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल लागला आणि आपली माणसेही त्याच कायद्यात अडकली.

मुलाकडे गेले होते तेव्हा कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीच्या एका पंजाबी आजींनी मला जेवायला बोलावले होते. त्यांच्या सासऱ्यांनी पीचची बाग लावली, पण जमिनीच्या कागदावर नाव शेजारच्या गोऱ्या माणसाचे. तो वारला. त्याच्या मुलांनी बाग परस्पर विकून टाकली. सांगताना आजींचा घास हातातच राहिला. कागदावरच्या नावाची किंमत मला कळते. कूळकायद्याने आमच्या सातबाऱ्यावर वडिलांचे नाव चढले, त्या दिवशी आईने दारात रांगोळी काढली होती.

मतदारांना मिळालेल्या ज्या अधिकाराचे लेखात तीन रकाने कौतुक आहे, तोच वापरून नोव्हेंबर १९२० मध्ये कॅलिफोर्नियाने अशा शेतकऱ्यांची खंडाने जमीन घेण्याची वाटही बंद केली. तेव्हा जॉन्सन सिनेटमध्ये होते. ते १९१७ पासून मरेपर्यंत तिथेच होते, आणि १९२४ मध्ये जपानी लोकांना अमेरिकेचे दार बंद झाले तेव्हाही ते दार बंद करणाऱ्यांच्या बाजूने उभे होते. यातली एक ओळही लेखात नसावी?

जॉन्सन यांचे निधन ६ ऑगस्ट १९४५ रोजी झाले. लेखात १९४६ छापले आहे. गेल्या महिन्यातल्या माझ्या पत्रातले सालही तुमच्याकडून असेच चुकले होते. दुरुस्तीसाठी दोनदा फोन केला, ती अजून आलेली नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कराड