कॉम्प्युटर भंगारात काढू नका

म्युनिक

ती. आई-आप्पांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. आई, जेवते वेळेवर. व्हिडिओ कॉलवर तोंड बारीक दिसतं ते इथल्या उजेडामुळं. साडेचारच्या आतच दिवस मावळतो, त्यात कुणाचं तोंड भरलेलं दिसणार?

आप्पा, दुकानदार "डबा गेला, नवीन घ्या" म्हणतो म्हणून घाई करू नका. कॉम्प्युटर चालू केला की आधी चिन्ह येतं, खाली ठिपके गोल फिरतात आणि मग पडदा काळा होतो, असं बबल्या सांगतो. म्हणजे मॉनिटर चांगला, वायर चांगली, पडद्यावर चित्र पाठवणारं ग्राफिक्स कार्डही बहुतेक जिवंत. चिन्ह दाखवायला कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, लागतच नाही. तो नंतर चढतो, आणि तिथंच घोडं अडतंय. गेमसाठी नवा ड्रायव्हर टाकला त्याच रात्रीपासून हे सुरू झालंय. लेकराला रागावू नका. आणि विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले हे खरं, पण त्यानं पडदा काळा होत नसतो. बँकेचं काम तेवढं त्याच्यावर करू नका.

बबल्या, आता तुझ्यासाठी. याची प्रिंट काढून समोर ठेव, फोनवर तू अर्धं ऐकतोस. आधी सीपीयूच्या मागं बघ, मॉनिटरची वायर खालच्या आडव्या कार्डातच आहे ना. मग पडदा काळा झाला की विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाब. बीप वाजून चित्र आलं तर ठीक. नाही आलं तर ठिपके फिरत असतानाच पॉवरचं बटण दाबून धरायचं, बंद होईपर्यंत. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पानावर जातं. तिथं ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ट्रबलशूट, परत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. यादी आली की ४ दाब. हा सेफ मोड. अक्षरं मोठी नि ओबडधोबड दिसतील, घाबरू नको, विंडोज तेव्हा स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर चालतं. डिव्हाइस मॅनेजरमधे डिस्प्ले ॲडॅप्टर्स उघड, कार्डाच्या नावावर डबल क्लिक, ड्रायव्हरचं पान, 'रोल बॅक ड्रायव्हर'. ते बटण फिकट असेल तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस', आणि ड्रायव्हर पुसायच्या चौकटीत टिक कर. नेटची वायर काढून ठेव, नाहीतर विंडोज परत स्वतःच काहीतरी आणून बसवेल. चालू झालं की जुना ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरूनच घे. कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नको. आजीचे शेवटचे फोटो त्यातच आहेत, आणि मी तर तेव्हा इथंच होते.

परवा फोनवर माझे दात वाजत होते, त्यावरून आईनं "हीटर नाही का गं?" विचारलं. आहे हो! पण इथले लोक कडाक्याच्या थंडीत खिडक्या सताड उघडतात. रोज, सकाळ-संध्याकाळ, पाच-दहा मिनिटं, आणि तेवढा वेळ हीटर बंद. कारण असं की खिडक्या इतक्या घट्ट बसतात की आंघोळीची, भाताची, वाळत घातलेल्या कपड्यांची सगळी वाफ आतच राहते, गार भिंतीवर तिचं पाणी होतं आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. थोडीशी फट ठेवून भागत नाही. भिंत गारठते आणि वाफ तिथंच. आमची घरमालकीण येते तेव्हा "कशी आहेस" विचारायच्या आधी कपाटामागचा कोपरा बघते. तुमच्याशी बोलत होते तेव्हा नेमकी तीच वेळ होती, एवढंच. आजारी नाही.

येळवशीच्या सणाला रजा मिळत नाही. भज्जी आणि आंबिलीचे फोटो पाठवा, किंवा नकाच पाठवू.

पैसे पाठवलेत, बँकेत बघा. पीककर्जाचा हप्ता त्यातून भरा, सोयाबीन पडत्या भावात विकू नका. "तुला पुरतात का" असं दरवेळी विचारू नका, पुरतात.

निलंग्याच्या स्थळाचं म्हणाल तर फोटो बघितला. बरा आहे. पत्रिका जुळली म्हणून लगेच शब्द देऊ नका, आधी मला त्याच्याशी बोलू द्या. तो इकडं यायला तयार आहे की मी तिकडं यावं असं त्यांच्या मनात आहे, ते मामांकरवी विचारून घ्या. मी विचारलं तर पोरगी आगाऊ म्हणतील. आप्पा, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना?

तुमची,
ताई