पेतँ रोडचे नाव बदलावे: सिंगापूरच्या राष्ट्रीय विकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

जालान बेसार भागातील पेतँ रोडचे नाव बदलावे, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. या शहरात राहणाऱ्या आणि त्या रस्त्यावरून नेहमी ये-जा करणाऱ्या मराठी मंडळींनाही हा विषय कळावा, म्हणून ते मराठीतून खुले करत आहे. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे.

पहिल्या महायुद्धानंतर वसाहती सरकारने या भागातील रस्त्यांना त्या युद्धातील सेनानींची आणि रणभूमींची नावे दिली. किचनर, जेलिको, फॉश, मार्न, सोम ही नावे त्यातलीच. फ्रेंच सेनापती फिलिप पेतँ तेव्हा त्या मालिकेत शोभत होते, हे मान्य करायला हवे. 1916 च्या फेब्रुवारीत जर्मन सैन्याने व्हर्दँ या फ्रेंच शहरावर हल्ला चढवल्यावर संरक्षणाची सूत्रे त्यांच्या हाती आली. बार-ल-द्युकहून येणाऱ्या एकमेव मोठ्या रस्त्यावरून रात्रंदिवस मोटारींतून रसद पोचवायची आणि थकलेल्या तुकड्या ठरावीक काळाने मागे घेऊन ताज्या दमाच्या तुकड्या पुढे धाडायच्या, ही व्यवस्था त्यांनी लावली. पुढच्या वर्षी फ्रेंच सैन्यात बंडाळी माजली तेव्हा काही सैनिकांना गोळ्या घालण्यात आल्या हे खरे, पण रजा आणि जेवण सुधारून, निष्फळ हल्ले थांबवून सैन्य सावरले तेही पेतँ यांनीच. सामान्य शिपायाला हा सेनापती आपला वाटे.

हाच विश्वास त्यांनी 1940 मध्ये पणाला लावला. जूनमध्ये पंतप्रधान झाल्यावर त्यांनी जर्मनीशी शस्त्रसंधी केला आणि 10 जुलै रोजी विशी या शहरात, जिथून पुढे त्यांचे सरकार चालले, संसदेच्या 569 विरुद्ध 80 मतांनी सर्वाधिकार मिळवले. ऑक्टोबरमध्ये ज्यूंना सरकारी सेवा, सैन्य आणि शिक्षणक्षेत्रातून दूर करणारा कायदा त्यांच्या सरकारने जर्मनांनी सांगण्याची वाट न पाहता केला. त्याच महिन्यात मोंत्वार येथे त्यांनी हिटलरशी हस्तांदोलन केले आणि आपण सहकार्याच्या मार्गावर पाऊल ठेवत असल्याचे देशाला रेडिओवरून सांगितले. जुलै 1942 मध्ये पॅरिसमध्ये सुमारे 13,000 ज्यू स्त्री-पुरुष आणि मुले पकडली गेली, ती फ्रेंच पोलिसांकरवी. फ्रान्समधून छळछावण्यांकडे पाठवलेल्या सुमारे 76,000 ज्यूंपैकी जेमतेम अडीच हजार परतले. व्हर्दँचा सेनापती वेगळा आणि विशीचा राष्ट्रप्रमुख वेगळा, असे सांगणारे आजही भेटतात. मला ते मुळीच पटत नाही, कारण व्हर्दँची पुण्याई नसती तर शरणागतीला सन्मानाचे रूप देणे कोणालाच साधले नसते.

सिंगापूरने हा विषय परका मानू नये, याचे आणखी जवळचे कारण आहे. जुलै 1941 मध्ये विशी सरकारने फ्रेंच अमलाखालील दक्षिण इंडोचायनातील (आजच्या व्हिएतनामच्या भागातील) विमानतळ आणि बंदरे जपानी सैन्याला वापरू दिली. दबाव होता हे खरे, पण संमती पेतँ यांच्या सरकारचीच होती. 8 डिसेंबर 1941 रोजी पहाटे सिंगापूरवर पहिले बॉम्ब टाकणारी विमाने सायगावजवळच्या थू दाऊ मोट येथून उडाली होती. त्या हल्ल्यात 61 माणसे मेली. दोनच दिवसांनी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या ब्रिटिश युद्धनौका बुडवणारी विमानेही सायगावच्याच परिसरातली. ज्या शहरावर ते बॉम्ब पडले, त्या शहरातील रस्ता पेतँ यांच्या नावाने ओळखला जावा, हे मला असह्य वाटते.

एक नाव बदलले की सगळीच बदलावी लागतील, अशी शंका घेतली जाईल. याच भागात टाउनशेंड रोड आहे. या टाउनशेंड नावाच्या ब्रिटिश सेनापतीच्या हाताखाली पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधील कूत येथे वेढ्यात अडकून उपासमार सोसलेल्या आणि पुढे कैदेत हाल झालेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. ते नाव वाचताना माझ्या मनाला यातना होतात, तरी ते बदलावे असे मी म्हणत नाही. रणांगणावर चुकलेला सेनापती आणि स्वतःच्याच नागरिकांना परक्यांच्या हवाली करणारा शासक यांना एका मापाने मोजता येणार नाही. शिवाय व्हर्दँ रोड तिथेच, मुस्तफा सेंटरजवळ आहे, त्यामुळे त्या लढाईत पडलेल्या सैनिकांची आठवण पुसली जाणार नाही.

रहिवाशांना पत्ते बदलण्याचा त्रास होईल, हे मी जाणतो. फुलांच्या नक्षीच्या टाइल्स मिरवणाऱ्या 18 जुन्या दुमजली घरांची ती ओळ वारसा म्हणून जतन केलेली आहे. तिच्या एका विटेलाही धक्का लावण्याचे कारण नाही. खुद्द फ्रान्समध्ये, व्हर्दँच्याच जिल्ह्यातील बेलरँ या खेड्याने 2013 मध्ये आपल्या रस्त्याचे पेतँ हे नाव काढून टाकले.

नव्या नावासाठी एलिझाबेथ चॉय यांचा विचार व्हावा. जपानी अमलात कैद्यांना गुपचूप अन्न, औषधे आणि निरोप पोचवण्यात त्यांचा हात होता आणि 1943 मध्ये अटक झाल्यावर केम्पेताई या जपानी लष्करी पोलिसांचा अनन्वित छळ सोसूनही त्या खचल्या नाहीत. रस्त्यांची नावे ठरवणाऱ्या मंडळाकडे आपण हा विषय सोपवावा, निर्णयापूर्वी तेथील रहिवाशांचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि नाव बदलल्यास जुने नाव का काढले याची माहिती देणारा फलक त्याच रस्त्यावर लावावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
सिंगापूरमधील एक मराठी रहिवासी