सिडकोतल्या काकांना, जाहीरपणे

तीर्थस्वरूप काका, साष्टांग नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवता आणि पेपर उघडता. वाचताना तरी तशी सोय नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. माझा धाकटा भाऊ टेक्सासात असतो. तिथल्या एका प्रदर्शनातून त्याने रायफलच्या शंभर गोळ्या स्वस्तात आणल्या, कारखान्यातला सेकंड माल. काडतुसं नव्हेत, फक्त पुढची तांब्याच्या आवरणातली गोळी. तिकडे पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी वेगवेगळी विकत घेऊन घरी काडतूस भरणं हा कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय असलं काही केलं तर शस्त्र कायदा, १९५९ लागतो, म्हणून कोणी उत्साहात येऊ नये. सेकंड म्हणजे टाकाऊच असं नाही. येवल्याच्या पैठणीत एखादा धागा चुकला तर ती पैठणीच राहते, तसंच डाग पडलेल्या किंवा टोकाला जरा पोचा आलेल्या गोळीचं. पण पैठणी विकणारा निदान ती काय आहे ते सांगतो. इथे पिशवीवर मार्करने नुसतं ‘३० कॅल’, कॅल म्हणजे कॅलिबर, नळीच्या व्यासाचं माप. वजन नाही, कंपनी नाही.

‘काकांना विचार,’ भाऊ म्हणाला. आयटीआयनंतर अंबडच्या कारखान्यात तुमच्या हाताखाली दोन वर्षं काढलेला तो. प्रेसशॉपने तुमचे कान खाल्लेत, फोनवर बोलणं शक्य नाही, त्यामुळे मराठीची शिक्षिका असलेली मी मधली पोस्टमन झाले.

पहिल्या दिवशी मी विचारलं, ‘या कोणत्या गोळ्या आहेत?’ तुम्ही कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलंत: ‘कोणत्या नाहीत ते आधी बघू.’ आणि मला परत पाठवलंत, मापं आणायला.

भावाने डिजिटल व्हर्निअरवर ७.८ की ७.९ असं काहीतरी कळवलं होतं. तुम्ही कपाळाला हात लावलात. ‘३० कॅल’ म्हणून विकली जाणारी गोळी .३०८ इंची, म्हणजे ७.८२ मिलिमीटर असते. पण जुन्या .३०३ ब्रिटिश रायफलची गोळी साधारण .३११ इंच, ७.९० मिलिमीटर. फरक तीन थाऊ, म्हणजे इंचाचे तीन हजारांश. डोळ्याला कळत नाही आणि व्हर्निअर जरा जास्त दाबला की मापात विरघळून जातो. म्हणून मायक्रोमीटर, तोही रॅचेट फिरवून, म्हणजे दाब दरवेळी सारखाच. टोकाकडे नाही तर सरळ अंगावर. आणि तीच गोळी काटकोनात फिरवून पुन्हा. भाऊ कुरकुरला, पण त्याने केलं. सगळ्या .३०८ निघाल्या.

मग लोहचुंबक. चिकटलं तर आवरणात किंवा गाभ्यात पोलाद, आणि अशा गोळ्या नेमबाजीच्या बऱ्याच रेंजवर चालत नाहीत. एकही चिकटली नाही. आख्ख्या तांब्याच्या असतील का, ही शंकाही तुम्हीच काढलीत. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि तिला दारूचं मापही वेगळं लागतं. पाण्यात बुडवून वजन करायला लावलंत. सराफ बाजारात सोनं तपासतात तसं, म्हणालात. आत शिसंच होतं.

खरी गंमत वजनात झाली. काट्यावर आधी प्रमाण वजन ठेवून तो खरं बोलतो का ते बघायचं, मग एकेक गोळी, शंभरच्या शंभर. मी आकड्यांची यादी घेऊन आले. तुम्ही वाचली नाहीत, नुसत्या रेघा मारत गेलात. रेघांचे दोन ढीग झाले: एकसष्ट गोळ्या १०.८८ ग्रॅमच्या आसपास, बत्तीस ११.३४ च्या आसपास, सात इकडेतिकडे. ‘ही एक पिशवी नाही, दोन आहेत,’ तुम्ही म्हणालात. गोळ्यांचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, भागाकार केला तर एक ढीग १६८ ग्रेनचा, दुसरा १७५ चा. दिसायला जुळी भावंडं. हलक्या गोळीसाठी काढलेलं दारूचं कमाल माप जड गोळीमागे भरलं तर नळीत दाब वाढतो, हे भावाला माहीत होतं. पिशवीत दोन जाती आहेत हे माहीत नव्हतं.

तरी तुमचं समाधान नाही. गोळी बुडाकडे निमुळती होते, त्या शेपटीचा उतार किती अंशाचा, हे हवं होतं. बुडाचा व्यास आणि उताराची उंची मागवून तुम्ही मलाच टॅन काढायला बसवलंत. दहावीनंतर पहिल्यांदा! हलक्यांचा कोन तेरा अंशांच्या जवळ आला, जडांचा नऊच्या. सिएरा कंपनीच्या १६८ आणि १७५ ग्रेनच्या मॅच, म्हणजे स्पर्धेसाठीच्या, गोळ्यांचे कोन असेच आहेत, हे भावाने लगेच शोधून काढलं आणि तो नाचायला लागला. तुम्ही लिहिलंत, ‘जुळतं एवढंच म्हण. नाव लावू नको. शिक्का आपण मारलेला नाही.’

उरलेल्या सातांवरून मात्र तुमचं भांडण झालं, माझ्यामार्फत. तो म्हणाला, हलक्या मापाने भरून उडवतो. तुमचं उत्तर दोन शब्दांचं: ‘लाल रंग.’ रिजेक्ट. त्याने खरंच नेलपॉलिश लावून त्या बाजूला टाकल्या. बाकीचे दोन ढीग वेगळ्या डब्यांत गेले, आणि प्रत्येकासाठी पुस्तकात दिलेल्या सुरुवातीच्या, सर्वांत कमी मापापासून तो चढत गेला. कागदावरची भोकं जवळजवळ पडतात म्हणे. फोटो पाठवलाय, मला त्यातलं कळत नाही. बंदुका मला आवडतही नाहीत, आणि एवढ्या तासांचा हिशेब धरला तर नव्या गोळ्या स्वस्त पडल्या असत्या असंच माझं मत आहे. तुमचं नाही, ते ठाऊक आहे. तीन आठवडे तुमची संध्याकाळची झोप गेली आणि काकूंच्या चहाचे किती कप झाले ते त्याच सांगतील.

भाऊ डिसेंबरात येतोय. तुम्ही बजावल्याप्रमाणे त्याला कळवलंय: रेंजवर नेतो ती बॅग घरीच ठेव, नवी घेऊन ये. एखाद्या कप्प्यात एक जरी गोळी राहिली, तर स्वागत विमानतळावरच्या पोलिसांकडून होईल. नीट आला, तर मिसळीचं बिल त्याचं. तेव्हा कानातलं मशीन घालून या.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची पोस्टमन