कडक भाकरीचा पहिला तुकडा

आदरणीय बाई,

पेन्टेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण झाला. पास्काची, म्हणजे ईस्टरची मेणबत्ती वेदीजवळून उचलून बाप्तिस्म्याच्या स्नानकुंडाशेजारी गेली, म्हणजे ईस्टरचे पन्नास दिवस पुरते संपले. हे पत्र मुद्दाम आत्ता लिहितोय. या काळात तुम्ही घेतलेल्या शास्त्रवाचनाच्या बैठकांचे आभार मधेच मानले असते तर तुम्हीच म्हणाला असता, "अजून काळ संपलाय कुठं?"

हा काळ पन्नास दिवसांचा असतो, हेच आपल्या समूहात बहुतेकांच्या गावी नव्हतं. उपवासकाळात सगळे जोरात. क्रूसाची वाट चुकवायची नाही, शुक्रवारी मटण-मासळीचं नाव नाही, कुणी चहा सोडलेला, कुणी तंबाखू. आणि ईस्टरच्या सोमवारी फुलं उतरवली की सामसूम. चाळीस दिवस उपाशी राहायला तयार असलेली माणसं पन्नास दिवस आनंद करायला मात्र कंटाळतात, हा तुमचा टोमणा बरोबर लागला. पहिले आठही दिवस मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, महासणाच्या मानाचे, रोजचं पहिलं वाचन जुन्या कराराऐवजी नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांतून, आंजेलुस या रोजच्या मरियेच्या प्रार्थनेच्या जागी रेजिना चेली हे ईस्टरचं मरियागीत आणि तेही गुडघे न टेकता उभं राहून, हे सगळं वर्षानुवर्षं समोर घडत होतं. का घडतं ते कुणी सांगितलं नव्हतं.

सांगायला लोक आले नव्हते असं नाही. नावं घेत नाही. एकदा दीड तासाचं प्रवचन झालं, लाउडस्पीकर लावून, रात्री आठला. दिवसभर विड्या वळून, पोरांना जेवू घालून आलेल्या बायका भिंतीला टेकून पेंगत होत्या आणि वक्ते 'रिक्त कबरीचे आव्हान' उलगडत होते. मग छापील पत्रकं आली, कुठल्या तरी भाषेतून उतरवलेली. त्यातलं एक वाक्य तीनदा वाचूनही कर्ता सापडला नाही. मोबाइलवर लिलीच्या फुलांचे फोटो तर विचारूच नका.

हेही एक वेळ चाललं असतं. पण ईस्टरच्या सकाळी चर्चच्या फाटकात आपल्या समूहातल्या मावशींना जे ऐकावं लागलं ते चालण्यासारखं नव्हतं. त्यांचे यजमान, आपले काका, उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यात गेले. शवपेटीशी गेल्या वर्षीची पास्काची मेणबत्ती उभी होती, 2025 कोरलेली, जळून अर्ध्यावर आलेली. काळ उपवासाचा, म्हणून अंत्यविधीत आलेलुयाचा जयघोषही नव्हता. त्याला तीन आठवडे व्हायच्या आत पास्काच्या जागरणाला, ईस्टरच्या आदल्या रात्री, बाहेर शेकोटी पेटली, तिच्यावर 2026 ची नवी मेणबत्ती पेटली, अंधारात 'ख्रिस्ताचा प्रकाश' तीनदा गाइला गेला आणि इतके दिवस मिटून ठेवलेला आलेलुया सुटला. मावशींच्या डोळ्यांचं पाणी खळेना. दुसऱ्या दिवशी एकामागून एक चारजणी त्यांना म्हणाल्या, "आज प्रभू उठलाय, आज रडायचं नाही." एकीने तर विश्वास कमी पडतोय असंही सुनावलं. मावशी सोमवारी मिस्सेला आल्या नाहीत.

मंगळवारी तुम्ही त्यांना हाताला धरून आणलंत. वाचन योहानाच्या विसाव्या अध्यायातलं, येशूची शिष्या मरिया माग्दालेना त्याच्या कबरीबाहेर रडत उभी आहे ते. तुम्ही एवढंच दाखवलंत की देवदूत तिला विचारतात, "बाई, का रडतेस?" येशूही तेच विचारतो. पण "रडू नकोस" असं त्यांच्यापैकी कुणीच म्हणत नाही. विचारून झाल्यावर तो तिला नावाने हाक मारतो, बस. आपण सगळ्यांनी हा उतारा शंभर वेळा ऐकलाय. फाटकातल्या चौघीही तिथेच बसल्या होत्या. त्यांच्याकडे तुम्ही बघितलंही नाहीत, हे मला विशेष वाटतं.

तुमची पद्धत इतर समूहांनी उचलावी अशी आहे. उतारा दोनदा वाचायचा. दुसऱ्यांदा दुसऱ्याने वाचायचा, कारण पहिला वाचणारा हमखास घाई करतो आणि ऐकणाऱ्याला आवाज बदलला की नवा शब्द कानात शिरतो. मग घड्याळ लावून दोन मिनिटं गप्प बसायचं. इथेच सगळे समूह फसतात. अर्ध्या मिनिटातच कुणीतरी शांततेला घाबरून जपमाळ सुरू करतं. तुम्ही पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या माळा पिशवीत ठेवायला लावल्यात. त्यानंतर एकच प्रश्न, आणि तो 'यातून काय शिकलो' असा नाही, तर 'कुठला शब्द अडकला' असा. एकंदर पंचवीस मिनिटं. पंखा बंद, कारण त्याच्या वाऱ्यात ज्योत एका बाजूला झुकते, मेणबत्तीचा काठ तिकडून वितळतो आणि मेण ओघळून जातं. सोलापुरातला एप्रिल, पारा चाळिशीपार, वर पत्रा. तरी कुणी कुरकुरलं नाही, पंचवीसच मिनिटं आहेत म्हणून.

आणि बुधवार. एम्माउसची वाट, लूक चोविसावा अध्याय. यरुशलेमपासून साठ स्टेडियम (अंतराचं जुनं माप), म्हणजे अकराएक किलोमीटर. कोजागरीला तुळजापूरपर्यंत चालत जाणारं हे गाव, आपल्याला अंतराचं काय! पण एम्माउसला निघालेल्या त्या दोन शिष्यांची चाल वेगळी होती. सगळं संपलं म्हणून ते पाठ फिरवून निघाले होते. वाटेत भेटलेला अनोळखी माणूस म्हणजे उठलेला येशूच, त्याला घडलेलं सगळं ठाऊक आहे. तरी तो विचारतो, "कोणत्या गोष्टी?" आधी त्यांना पूर्ण बोलू देतो. "आम्हाला आशा होती," असं ते भूतकाळात बोलतात, तेही तो मधे न तोडता ऐकतो. शास्त्र उलगडून सांगणं त्यानंतर. आपले वक्ते सुरुवातच उलगडण्यापासून करतात.

दुसरं वाचन झाल्यावर तुम्ही पिशवीतून डबा काढलात. त्यात कडक भाकरी होती, मालदांडी ज्वारीच्या पिठाची, पातळ थापलेली, भाजून मग मंद आचेवर पार ओल जाईपर्यंत सुकवलेली. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे ओल गेली की भाकरी वाकत नाही, फाटत नाही, मोडते. तुम्ही आधी स्पष्ट केलंत, "ही मिस्सा नव्हे, ही जेवणाची भाकरी आहे." ते सांगणं गरजेचं होतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी फादरांकडे तक्रार गेलीच असती. आणि मग दोन्ही हातांनी ती मोडलीत. त्या बंद खोलीत काडकन आवाज झाला आणि खाली माना घातलेले सगळे एकदम वर बघायला लागले. 'भाकर मोडताना त्यांनी त्याला ओळखलं' याचा अर्थ सांगायला त्यानंतर शब्द लागले नाहीत.

पण माझ्या मनात राहिलंय ते त्याच्या पुढचं. येशूने भाकर घेतली, आशीर्वाद दिला, मोडली, दिली. लूकमध्ये पाच भाकरींच्या वेळी हीच क्रियापदं आहेत, शेवटच्या भोजनाला जवळपास हीच, आणि एम्माउसला पुन्हा हीच. प्रवचनं तिसऱ्या क्रियापदाला थांबतात. तुम्ही उठलात, खोली ओलांडून कोपऱ्यात गेलात आणि पहिला तुकडा मावशींच्या हातात ठेवलात. बोलला काहीच नाहीत. घास हातात देऊन दुसऱ्या हाताने त्यांची मूठ मिटलीत आणि जागेवर येऊन बसलात. काका गेल्यापासून मावशी चार माणसांत जेवल्या नव्हत्या. घरी ओट्याशी उभ्यानेच दोन घास ढकलायच्या. कडक भाकरी आवाज न करता खाता येत नाही. त्या कुरकुर आवाजात आम्ही सगळे थांबलो होतो. खाऊन झाल्यावर त्या पहिल्यांदा बोलल्या, "डॉक्टर म्हणाले होते, चार दिवसांत घरी सोडतो." आम्हाला आशा होती, तेच वाक्य. कुणीही त्यांना गप्प केलं नाही.

पुढचे दिवस भराभर गेले. शुक्रवारी वाचनात तिबिर्या समुद्राकाठचा कोळशाचा विस्तव आला. तसाच विस्तव पेत्राने येशूला तीनदा नाकारलं त्या अंगणातही होता, ही जोडणी तुमची. दुसऱ्या रविवारी शिष्य थोमा आला, तेव्हा त्याला संशयखोर म्हणण्याआधी बाकीच्या दहा शिष्यांनी त्याला हाकललं नव्हतं हे बघा म्हणालात; शिवाय येशूच्या उठलेल्या देहावरच्या जखमा बुजल्या नव्हत्या. वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातलं हे 'अ' वर्ष, म्हणून तिसऱ्या रविवारी, 19 एप्रिलला, एम्माउस पुन्हा वाचायला आलं. संध्याकाळच्या बैठकीत दुसरं वाचन मावशींनी केलं. "आमच्याजवळ राहा, संध्याकाळ होत चालली आहे," इथे त्या जरा अडखळल्या, पण ओळ त्यांनी पुरी केली.

साधं चांगलं वागणं इतकं दुर्मीळ का व्हावं, कळत नाही. धर्मशिक्षण घेतलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. उतारा तोंडपाठ असलेलीही आहेत. पण दुःखी माणसाजवळ जायला चार पावलं चालावी लागतात आणि तेवढी खोली ओलांडायला बरेच जण तयार नसतात. तुम्हाला त्याचं काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. डबा काढण्याइतकंच सहज उठलात.

तो डबा मावशींकडे राहिलाय. मी परत आणतो म्हटलं तर त्यांनी दिला नाही. रिकामा कसा पाठवायचा, म्हणाल्या. शेंगदाणे भाजून ठेवलेत, चटणी उखळात कुटणार आहेत, मिक्सरची नको म्हणून अडून बसल्यात. रविवारच्या मिस्सेनंतर घाईने निघू नका.

तुमच्या समूहातला एक वाचक
सोलापूर